नाव कुणाचं लावायचं? मुलींचं एक वसतिगृह, एक मोठी देणगी आणि दीड वर्षाची ओढाताण

सुरुवातीलाच सांगतो, इथे संस्थेचं किंवा माणसांचं नाव देत नाहीये, आकडे गोल केलेत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मी लहान ट्रस्टांचे हिशोब, ऑडिटची तयारी, धर्मादाय आयुक्त कार्यालयातली कागदपत्रं अशी कामं बघतो आणि त्या निमित्ताने या प्रकरणातल्या बहुतेक मीटिंगांना हजर होतो. तालुक्याच्या ठिकाणच्या कुठल्याही संस्थेवर हा प्रसंग येऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

सांगली-सोलापूर पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. तिथे १९७८ पासून मुलींचं वसतिगृह चालतं. अकरावी-बारावी आणि कॉलेजच्या मुली, बऱ्याचशा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या, काही कोरडवाहू शेतकऱ्यांच्या. आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेले की मुलीला गावात एकटं ठेवायचं कसं, या एका प्रश्नापायी किती मुलींची शाळा सुटते आणि लग्न लागतं हे त्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. वसतिगृह सुरू केलं ते एका बाईंनी, त्यांना सगळे आक्का म्हणायचे. जागा त्यांच्या माहेरची, बक्षीसपत्राने संस्थेला दिलेली. आक्का गेल्यावर वसतिगृहाला त्यांचंच नाव दिलं गेलं, गेटवर पत्र्याची निळी पाटी आहे तीच वर्षानुवर्षं चालू आहे.

खर्च चालतो तो असाच, थोडाथोडा गोळा करून. सुगी झाली की आसपासच्या गावांतल्या बाया पायली-पायलीने ज्वारी जमा करून टेम्पोतून पाठवतात. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, ते पेन्शन आली की दर महिन्याला ५०० रुपये आणून द्यायचे आणि पावती घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला गोडाचं जेवण देतं, कुणी कपाट देतं. वऱ्हांड्यात एक संगमरवरी फळा होता, त्यावर १९८० नंतरच्या देणगीदारांची नावं, ५०१, १००१, कुठे २५०१. अक्षरं कोरून आत काळा रंग भरलेला, काही ठिकाणी रंग उडालेला, पण बोट फिरवलं की नाव लागायचं. त्या फळ्यावर गुरुजींच्या वडिलांचंही नाव होतं, हे पुढे महत्त्वाचं आहे.

२०२२ मध्ये जुन्या खोल्यांचं छत गळायला लागलं आणि नवी दुमजली इमारत बांधायचं ठरलं. ६० मुलींची सोय, अभ्यासिका, आणि पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या मेसऐवजी नीट भोजनगृह. अंदाजपत्रक साधारण ७० लाखांचं.

प्रश्न कुठे अडला

तालुक्यातलेच एक गृहस्थ, पुण्याजवळ स्वतःचा कारखाना असलेले, ३५ लाख द्यायला तयार झाले. म्हणजे निम्मी इमारत. संस्थेचे एक विश्वस्त त्यांचे शाळेपासूनचे मित्र, त्यांच्यामार्फतच सगळं बोलणं झालं. आणि प्रकरणाची खरी सुरुवात तिथेच आहे. फोनवर त्या गृहस्थांनी विचारलं की आईचं नाव द्यायचं मनात आहे, तर हे विश्वस्त म्हणाले, "अरे देऊ की, त्यात काय एवढं." बस, एवढंच वाक्य. मीटिंग झाली नव्हती, ठराव नव्हता, कुठल्या नावाबद्दल बोलतोय तेही नक्की नव्हतं, खोलीचं की मजल्याचं की सगळ्या वसतिगृहाचं. पण समोरच्याने ते पूर्ण होकार म्हणूनच घेतलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

१० लाखांचा पहिला हप्ता आला, जुन्या खोल्या पाडल्या, पाया खणला. नंतर पत्र आलं, कंपनीच्या लेटरहेडवर. त्यात चार गोष्टी होत्या. वसतिगृहाला आईचं नाव. गेटवर कमान, कमानीवर ते नाव आणि खाली कंपनीचा लोगो. ट्रस्टवर कायम विश्वस्त म्हणून घरातल्या एकाची नेमणूक. आणि दरवर्षी भावकीतल्या दोन मुलींना प्रवेश राखीव.

पत्र वाचल्यावर मीटिंगमध्ये जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. पैसे परत द्यावेत तर पायात गेलेत, आणि मान्य करावं तर आक्कांचं नाव जातं. सचिव मॅडम एवढंच म्हणाल्या, "गावात तोंड कसं दाखवायचं?"

पर्याय काय काय होते

पहिला पर्याय अर्थातच सगळं मान्य करणं. आणि हे बोलणाऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही, कारण त्यांचं म्हणणं असं की मुली भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात, नावाने काय होतं, आक्का असत्या तर त्याच म्हणाल्या असत्या की घ्या पैसे. एका विश्वस्तांनी महर्षी कर्व्यांचं उदाहरण दिलं. कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं, १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं, आज एसएनडीटी म्हणून सगळे ओळखतात. त्यामुळे कर्व्यांचं काम लहान झालं का? नाही झालं. मुद्दा बिनतोड होता.

पण लगेच दुसऱ्या बाजूने कर्मवीर भाऊराव पाटील आले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेत ही गोष्ट कायम सांगितली जाते, की साताऱ्याच्या कॉलेजला शिवाजी महाराजांच्या नावाऐवजी माझं नाव द्या, मोठी रक्कम देतो असं एकजण म्हणाला तेव्हा भाऊराव पाटलांनी ताडकन नकार दिला, एक वेळ बापाचं नाव बदलेन पण महाराजांचं बदलणार नाही अशा अर्थाचं ते बोलले. आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ. तर मीटिंग दोन तास याच दोन गोष्टींभोवती फिरली. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही आमच्या कामाच्या नव्हत्या. कर्व्यांचं विद्यापीठ तेव्हा चारच वर्षांचं होतं, नावामागे कुणा माणसाची आयुष्यभराची मेहनत नव्हती. आणि इथे महाराजांच्या नावाला हात लावा असंही कुणी म्हणत नव्हतं, एक मुलगा आईचं नाव लावा म्हणत होता.

दुसरा पर्याय, नकार देऊन १० लाख परत करणं. त्यासाठी बँकेतली ठेव मोडावी लागली असती आणि बांधकाम पायावरच थांबलं असतं.

तिसरा, दोन्ही नावं जोडून लावणं. ऐकायला बरं वाटतं, पण दोन नावांची लांबलचक पाटी कुणी उच्चारत नाही, लोक शेवटी एकच नाव घेतात आणि दुसऱ्या घराला कायमचा सल राहतो. दोन कुटुंबांची नावं जोडलेल्या शाळांमध्ये हे मी बघितलंय.

चौथा, इमारतीच्या एखाद्या भागाला नाव देणं. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात अभ्यासिका होती, कारण ती दर्शनी भागात येणार होती आणि पाहुणे आले की तिथेच नेले जातात.

निर्णय घ्यायच्या आधी जुने कागद काढले. बक्षीसपत्राची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळवली, त्यात नावाची अट नव्हती, मुलींच्या शिक्षणासाठी जागा वापरावी एवढंच होतं. नाव देण्याचा ठराव फक्त प्रोसिडिंग बुकात होता. म्हणजे कायद्याने हात बांधलेले नव्हते, नवा ठराव करून नाव बदलता आलं असतं. काहींना वाटलं होतं की अट निघाली तर बरं होईल, नाही म्हणायला आधार मिळेल. तो आधार नव्हता, त्यामुळे जे काय ठरवायचं ते आपल्या जबाबदारीवर ठरवायचं होतं, आणि माझ्या मते हे चांगलंच झालं.

काय केलं

सगळ्यात कळीचा निर्णय असा झाला की पत्राला पत्राने उत्तर द्यायचं नाही, जाऊन भेटायचं. आणि मित्र असलेल्या विश्वस्तांनी एकट्याने जायचं नाही. अध्यक्ष, सचिव मॅडम, रेक्टर ताई आणि मी असे चौघं गेलो.

कारखान्यात ऑफिसमध्ये बसलो. पहिला अर्धा तास अवघड गेला. अध्यक्षांनी अभ्यासिकेचं सांगितलं, त्यांनी सरळ नाही म्हटलं, "अभ्यासिकेचा आणि माझ्या आईचा काय संबंध? ती शाळेतच गेली नाही." त्यावर रेक्टर ताईंनी विचारलं, "मग आई काय करायच्या?" हा प्रश्न तोपर्यंत आमच्यातल्या एकानेही विचारला नव्हता. फोन झाले, पत्र आलं, मीटिंगा झाल्या, पण ज्या बाईच्या नावावरून एवढं चाललंय त्या कोण होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग ते बोलायला लागले. वडील लवकर गेले, आईने तालुक्याच्या गावात खानावळ चालवली, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बँकेतले बदलीवर आलेले कारकून जेवायला यायचे. पहाटे चारला चूल. भाकरी थापून थापून तळहात कसे झाले होते ते त्यांनी स्वतःचा हात पुढे करून दाखवलं. खानावळीतली पातेली, पराती, घागरी, सगळ्यांवर आईने नाव घालून घेतलेलं, ते ठिपक्या-ठिपक्यांचं मशीनने घालतात तसं, आणि तीच भांडी अजून पुण्याच्या घरी माळ्यावर आहेत.

रेक्टर ताई म्हणाल्या, "मग भोजनगृहाला द्या ना त्यांचं नाव." ते गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, मुली तिथे जेवणार ना रोज, दोन्ही वेळ? ताई हो म्हणाल्या. वसतिगृहाच्या नावाचा विषय तिथे संपला, त्यांनी स्वतःच सोडला.

बाकीचे तीन मुद्दे मात्र एवढे सहज सुटले नाहीत.

कंपनीच्या लोगोचं सांगतो, कारण हे अनेक संस्थांना माहीत नसतं. देणगीदाराचं नाव कृतज्ञता म्हणून पाटीवर लिहिलं तर त्यावर जीएसटी लागत नाही, तसा खुलासा करणारं ११ ऑक्टोबर २०१९ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रकच आहे, क्रमांक ११६/३५/२०१९. वडिलांच्या स्मरणार्थ मंदिराच्या खोलीवर लिहिलेलं नाव, योगसंस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याखालचं नाव, अशी साधी उदाहरणं त्यात आहेत. पण अट अशी की त्यात धंद्याची जाहिरात दिसता कामा नये. लोगो, कंपनीचं घोषवाक्य, उत्पादनाचं नाव आलं की ती देणगी न राहता प्रायोजकत्व ठरू शकतं, आणि ३५ लाखांसारखी रक्कम असेल तर सेवेसाठीची २० लाखांची नोंदणी मर्यादाही ओलांडली जाते. हे त्यांच्या सीएला फोनवर समजावून सांगितलं, सीएला लगेच पटलं, आणि लोगो गेला. देणगीदार साहेबांना ते मनापासून आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, कामगारांनाही अभिमान वाटला असता. त्यावर मधला मार्ग निघाला तो बरा निघाला, कामगारांना कुटुंबासह वसतिगृह बघायला बोलवायचं.

कायम विश्वस्तपद. इथे अध्यक्ष ठाम राहिले. ट्रस्टच्या घटनेत विश्वस्त निवडीची पद्धत लिहिलेली आहे, पैशाच्या बदल्यात खुर्ची दिली तर उद्या कुणीही मागेल. त्यांना बांधकाम समितीवर घेतलं, काम पूर्ण होईपर्यंत. आणि खरं सांगतो, त्या समितीवर त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला जे धारेवर धरलं त्याने संस्थेचे दोनेक लाख तरी वाचले असतील.

राखीव जागा. हा मुद्दा सगळ्यात नाजूक, कारण भावकीतल्या मुलीही गरीबच होत्या. पण त्या वेळच्या, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मोठ्या देणगीदाराच्या नातेवाइकांना संस्थेकडून खास फायदा मिळाला तर ट्रस्टची करमाफीच अडचणीत येते. नुसतं कायद्याचं कारण सांगितलं असतं तर ते चिडले असते. रेक्टर ताईंनी प्रवेशाचं रजिस्टर पुढे ठेवलं, मागच्या वर्षी जागा नाही म्हणून परत पाठवलेल्या मुलींची यादी वाचून दाखवली. त्यांनी मुद्दा सोडून दिला.

मग भांड्यांचा प्रश्न आला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. त्यांनी उत्साहाने सांगितलं की ६० ताटं, वाट्या, पेले मी देतो, प्रत्येक ताटावर आईचं नाव घालून. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही, भांड्यावर नाव घालायची पद्धतच आहे आपल्याकडे. रेक्टर ताईंनी थांबवलं. म्हणाल्या, "साहेब, पोरगी जेवायला बसली की भाकरी उचलल्यावर खाली नाव दिसणार, रोज, तीन वर्षं. तिला वाटणार आपण कुणाच्या तरी उपकाराचं खातोय. तुमच्या आईच्या खानावळीत जेवणाऱ्याला असं वाटायचं का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आई तर पैसे बुडवणाऱ्यालाही परत वाढायची. शेवटी ताटं कोरी घ्यायची ठरली, नाव फक्त मोठ्या पातेल्यांवर, परातींवर आणि वरणाच्या बादल्यांवर, गावकीच्या भांड्यांवर असतं तसं. आणि माळ्यावरची जुनी दोन पातेली घासूनपुसून, कल्हई करून त्यांनी स्वतः आणून दिली.

कागदोपत्री भाग थोडक्यात. त्यांना पावती आईच्या नावाने हवी होती. आई हयात नाही, पैसे मुलाच्या खात्यातून आलेत, तर पावती देणाऱ्याच्याच नावाने आणि पॅनवर निघते, शेऱ्यात "यांच्या स्मरणार्थ" लिहिता येतं. त्या वेळच्या आयकर कायद्याप्रमाणे तेच नाव-पॅन १०बीडी फॉर्ममध्ये (संस्थेने आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरण) ३१ मे च्या आत भरलं तरच देणगीदारासाठी १०बीई प्रमाणपत्र निघायचं आणि देणगीवरच्या करसवलतीच्या कलम ८०जी खाली निम्म्या रकमेची वजावट मिळायची, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत आणि जुन्या करपद्धतीत असेल तरच. शिवाय ३५ पैकी ५ लाख त्यांनी कायमनिधी म्हणून ठेवायला सांगितले, ज्याच्या व्याजातून आईच्या पुण्यतिथीला जेवण व्हावं, तर तसं त्यांच्याकडून लेखी घेतलं, कारण लेखी सूचना नसेल तर ती रक्कम कायमनिधी धरता येत नाही.

त्यांचा मुलगा अमेरिकेत, तिकडचा नागरिक. त्यालाही आजीसाठी काही पाठवायचं होतं. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायला लागणारी नोंदणी नाही, त्यामुळे त्याच्याकडून एक रुपयासुद्धा घेता येत नव्हता, नातू असला तरी. तो भारतीय पासपोर्टवर असता तर गोष्ट वेगळी होती. त्याला आभाराचं सविस्तर पत्र पाठवलं आणि पैसे घेतले नाहीत.

बाकीच्या देणगीदारांचं काय

इमारतीच्या उरलेल्या रकमेत दीडशेच्या वर लोक होते. त्यांच्यासाठी नवा फळा करायचा होता आणि त्यावरून पुन्हा दोन मीटिंगा. जुनी पद्धत म्हणजे रकमेप्रमाणे वरून खाली. सचिव मॅडम म्हणाल्या, रक्कम लिहायचीच नाही आणि नावं वर्षाप्रमाणे लावायची. याला विरोध झाला, एक व्यापारी विश्वस्त म्हणाले की लाख देणारा आणि हजार देणारा एका रांगेत कसा, उद्या लाख कोण देईल? हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, रक्कम दिसते म्हणून चुरशीने देणारेही असतात. शेवटी ५,००० च्या वरच्या सगळ्यांची नावं, रक्कम नाही, आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने. आणि ज्वारी देणाऱ्या गावांसाठी वेगळी ओळ, गावाच्या नावासकट. वस्तुरूपाच्या देणगीला ८०जी लागू होत नव्हतं, पण फळ्यावर नाव लिहायला कुठलं कलम आड येत नाही ना. त्या गावांतल्या बाया उद्घाटनाला आल्या तेव्हा फळ्यापुढे उभं राहून फोटो काढायला जी झुंबड उडाली ती बघण्यासारखी होती.

एका आजींनी ५०,००० दिले, चेकने, आणि सांगितलं की माझं नाव कुठेही नको, सुनेला कळायला नको. काहींना वाटलं हे गुप्तदान म्हणजे अनामिक देणगी, त्यावर ३० टक्के कर बसतो. तसं नाही. कायद्यातली अनामिक देणगी म्हणजे संस्थेकडेच देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवलेला नसणं. इथे पावती, रजिस्टर, १०बीडी सगळीकडे आजींचं नाव आहे, फक्त फळ्यावर नाही. अध्यक्ष स्वतः घरी गेले तेही "सहज आलो" म्हणून, चहा घेतला आणि निघाले, आजींना कळलं ते कशासाठी आले होते.

उद्घाटन

इमारत जूनमध्ये तयार झाली. पाहुणे म्हणून एका मोठ्या पुढाऱ्यांना बोलवायचं ठरलं होतं, त्यांची तारीख मिळेना, जुलै झाला, ऑगस्ट म्हणाले. मुली तोपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने. रेक्टर ताईंनी विश्वस्तांना एका दुपारी त्या खोल्या दाखवायला नेलं आणि त्याच संध्याकाळी ठरलं की पाहुण्यांविना करायचं. फीत कापली ती आक्कांच्या नणंदेने आणि देणगीदार साहेबांच्या थोरल्या बहिणीने मिळून.

शाल, श्रीफळ, हार झालं. मुलींनी रांगेने पाया पडायचं मात्र ताईंनी कार्यक्रमपत्रिकेतून काढलं. तसंच एखाद्या मुलीला स्टेजवर उभं करून घरची परिस्थिती सांगायला लावायची, समोर देणगीदार डोळे पुसणार, हेही नको म्हणाल्या. त्याऐवजी मुलींनीच वाढपी होऊन सगळ्यांना पंगत घातली, आणि नंतर साहेब आणि त्यांची बहीण मुलींच्या पंगतीत वाढायला उभे राहिले. बहिणीने भाकरी वाढताना आईसारखंच "अजून अर्धी घे की" म्हटलं, हे साहेबांनीच नंतर मला सांगितलं.

निकाल

वसतिगृहाचं नाव आक्कांचंच आहे, निळी पाटी नव्याने रंगवून लावली. भोजनगृहावर साहेबांच्या आईचं नाव आहे, खाली एक ओळ की त्यांनी इतकी वर्षं खानावळ चालवून मुलं शिकवली. मुली आता मेसला जाते असं न म्हणता त्या आजींच्या नावानेच म्हणतात, "अमक्या आजींकडे जेवायला चाललो." हे कुणी शिकवलेलं नाही. साहेब वर्षातून दोनतीनदा येतात, न सांगता, पंगतीत बसतात. दुसऱ्या वर्षी आम्ही न मागता त्यांनी गरम पाण्याचा सोलर दिला, त्यावर नाव नको म्हणाले. कारखान्यातले कामगारही एकदा बस करून येऊन गेले.

पण एक जखम राहिली. जुन्या खोल्या पाडताना वऱ्हांड्यातला संगमरवरी फळा कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी काढला, गोडाऊनमध्ये टेकवून ठेवला आणि तो मधून तडकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. गुरुजींनी उद्घाटनाच्या दिवशी वडिलांचं नाव शोधलं. नव्या फळ्यावर नवे देणगीदार, जुना कुठेच नाही. त्यांनी कुणाला काही बोलून दाखवलं नाही, पुढच्या महिन्यात आले नाहीत एवढंच. तीन महिन्यांनी सचिव मॅडमच्या ध्यानात आलं की पावतीपुस्तकात त्यांचं नाव नाही. मॅडम घरी गेल्या, तेव्हा कळलं. फळा सांधून, अक्षरांत परत रंग भरून जिन्याजवळ लावलाय, गुरुजींना बोलावून दाखवला, ते आले, बघितलं, बरं केलंत म्हणाले. पण महिन्याचे ५०० पुन्हा सुरू झाले नाहीत. ३५ लाखांसाठी चौघं पुण्याला गेलो आणि तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या ५०१ चा फळा कुठे ठेवलाय हे कुणी बघितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

नावाचं धोरण पैसे मागायच्या आधी ठरायला हवं होतं. कुठल्या भागाला नाव देता येईल, कुठल्याला नाही, किती रकमेला, किती वर्षांसाठी. ते नसल्यामुळे एका विश्वस्ताचं फोनवरचं वाक्य हेच संस्थेचं धोरण ठरलं. आणि पहिला हप्ता खात्यात घ्यायच्या आधी एक पानी समजुतीचा कागद दोन्हीकडून सही होऊन असता तर ते पत्र आलंच नसतं.

भेटायला आधी जायला हवं होतं. दोन महिने मीटिंगांत गेले, त्यात आम्ही त्या माणसाच्या मनात काय असेल यावर वाद घातला, आणि त्याला विचारल्यावर अर्ध्या तासात उत्तर मिळालं. दरवेळी इतकं सरळ होणार नाही हे मान्य, काहींना खरोखर कमानच हवी असते. तिथे नाही म्हणायची तयारी लागते, आणि ती पैसे खर्च व्हायच्या आधीच असू शकते.

मुदतीवर अजून एकमत नाही. भोजनगृहाचं नाव किती काळ? व्यापारी विश्वस्तांचं म्हणणं कायम. मॅडम म्हणतात इमारत आहे तोवर, नवी बांधली तर जुन्यांची नावं एका भिंतीवर जपायची पण जागेला नाव नव्याने. मला मॅडमचं पटतं, कारण २५-३० वर्षांनी ही इमारतही पाडावी लागेल आणि तेव्हाच्या विश्वस्तांपुढे पुन्हा हाच प्रश्न असेल. उद्या एखाद्या देणगीदारावर गंभीर गुन्हा सिद्ध झाला तर नाव काढायचा अधिकार संस्थेला असावा, हे कलमही नावाच्या धोरणाच्या मसुद्यात घातलंय. साहेबांनी ते वाचून काहीच हरकत घेतली नाही.

आणि बांधकामाच्या आधी जुन्या पाट्या, फळे, कपाटांवरची नावं यांची फोटोसकट यादी करायची, आणि ज्यांचे वारस गावात आहेत त्यांना आधी जाऊन सांगायचं की काय हलवतोय आणि परत कुठे लागणार आहे.

सध्या बोअरवेल आणि पाण्याच्या टाकीसाठी एक डॉक्टर दांपत्य पैसे द्यायला तयार आहे. पहिल्याच भेटीत त्यांना समजुतीचं ते एक पान वाचायला दिलं आणि नावाबद्दल त्यांच्या मनात काय आहे ते विचारलं. त्यांनी घरी बोलून आठवड्याने सांगतो म्हटलंय, तोपर्यंत चेक घेतलेला नाही.